‘तिकडे जमलं नाही का रे?’

पाडव्याला कोणावर चिडू नये म्हणतात. पण आज सकाळी तलावपाळीला शोभायात्रा बघायला गेल्यापासून घरी येईपर्यंत भेटेल त्याने मला हेच विचारलं. परत आलास? तिकडे जमलं नाही का रे? बिल्डिंगमधले एक काका तर ढोलताशाच्या वर आवाज चढवून ओरडले, "व्हिसा संपला की काय?" आजूबाजूचे चार अनोळखी लोक वळून बघायला लागले.

काका, सेमिस्टर संपलं. एका सेमिस्टरसाठी जर्मनीत लाइपझिगला गेलो होतो, परीक्षा दिल्या, आलो. जमलं, चांगलंच जमलं.

दुसरी जात ‘मज्जा आहे बुवा’वाल्यांची. त्यांना माझे फक्त प्रागचे फोटो दिसतात. हो, प्रागला गेलो होतो, ड्रेस्डेनलाही गेलो, फोटोही टाकले. पण डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो तेव्हा लायब्ररीत बसून क्वांटमची गणितं सोडवणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढणार? तोंडी परीक्षेत दोन प्रोफेसर समोर बसतात आणि तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारतात. मला १.७ मिळाले. तिकडे १.० सगळ्यात वर आणि ५.० म्हणजे नापास. हे आत्याला दोनदा समजावलं, तरी तिने मामेभावाला सांगितलंच की पोरगं काठावर सुटलं.

आपल्याकडे परदेशात जाणं दोनच प्रकारचं. कायमचं, नाहीतर आठ दिवसांची टूर. मधे काही असू शकतं हे कोणाच्या गावीच नाही.

मला तर तिकडचा शेवटचा आठवडाच जास्त आठवतो. त्या देशातून नुसती बॅग उचलून निघता येत नाही. शहराच्या ऑफिसात जाऊन ‘मी इथून चाललो’ अशी नोंद करून कागद घ्यायचा. तो कागद दाखवून विमा बंद करायचा, बँक खातं बंद करायचं. घरात टीव्ही असो नसो, दर घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची फी असते, तिचा हिशोब फ्लॅटमधल्या सगळ्यांनी मिळून मिटवायचा. आणि शेवटी केअरटेकर येऊन खोली आणि किचन तपासतो. डिपॉझिट त्याच्या हातात.

आमच्या किचनचा ओटा पांढरा. त्यावर शेगडीच्या डाव्या बाजूला हळदीचा डाग. सोडा झाला, लिंबू झालं, व्हिनेगर झालं. ढिम्म.

आता फ्लॅटमेटबद्दल सांगायला हवं. मूळचा लाइपझिगचाच, साफसफाईचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवणारा. पहिल्याच आठवड्यात रात्री दहानंतर कुकरची शिट्टी झाली तर दार वाजवून मला घड्याळ दाखवलं होतं त्याने. मी एकदा कॉलर ताठ करून सांगितलं की देशातली पहिली पॅसेंजर गाडी १८५३ साली आमच्या ठाण्याला आली. तो शांतपणे म्हणाला, "आमची लाइपझिग-ड्रेस्डेन १८३९ची." विषय संपला. पण ९ ऑक्टोबरला तोच मला ओढून गावात घेऊन गेला. १९८९ साली त्या तारखेला सत्तरेक हजार माणसं तिथल्या रिंगरोडवर उतरली होती, पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध, पोलिसांसमोर, हातात मेणबत्त्या घेऊन. दरवर्षी त्या दिवशी लोक पुन्हा मेणबत्त्या लावतात. त्याची आई त्या गर्दीत होती. हे त्याने एका वाक्यात सांगितलं आणि घरी येईपर्यंत पुढे काही बोलला नाही.

तर केअरटेकर आला. हातात फॉर्म, कपाळाला आठ्या. खोली पास. किचनमध्ये ओट्यापाशी थांबला, बोटाने डाग घासून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सुरुवात करणार तेवढ्यात मागून आवाज आला, "तो माझा आहे."

कुकरसाठी घड्याळ दाखवणारा माणूस! अगदीच खोटं म्हणता येणार नाही म्हणा. तिथे रविवारी दुकानं बंद असतात, आणि याने शनिवारी काही आणलेलं नसायचं, त्यामुळे रविवारचं वरण-भात, लिंबू, तूप हे दोघांचं होतं. केअरटेकरने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्मवर सही केली. नंतर मी थँक्यू म्हणालो तर तो म्हणाला, "मी इथे अजून दोन वर्षं आहे. तोवर डाग राहील की जाईल ते बघू."

आता हे तलावपाळीवर, ढोलताशात, काकांना कसं सांगणार? ‘काय मिळवलंस?’ या प्रश्नाला यातलं काय देऊ?

पैसे गेले, मान्य. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो खात्यात दाखवावे लागतात, त्यासाठी बाबांनी एफडी मोडली, आणि आईने त्यावर एक शब्द काढला नाही. आणि खरं सांगायचं तर काकांचा मुलगा पाच वर्षं न्यू जर्सीत आहे, आला नाहीये. ते मला विचारत होते की स्वतःलाच, देव जाणे. मगाशी लिहिताना जेवढा राग होता तेवढा आता नाही. संध्याकाळी श्रीखंड घेऊन जाईन त्यांच्याकडे. पण ‘व्हिसा संपला का’ परत विचारलं तर वाटी घेऊन परत येईन.

ऑक्टोबरच्या सेमिस्टरला ठाण्यातून कोणी जर्मनीला जाणार असेल तर मेसेज करा. खात्याचे, विम्याचे, शहर सोडायच्या नोंदीचे सगळे कागद नीट लावून ठेवलेत. तीन लिटरचा कुकरही देतो. शिट्टी दहाच्या आत.