एक घाव, दोन उत्तरे

डेटा सफिशियन्सीच्या, म्हणजे दिलेली विधाने उत्तर काढायला पुरेशी आहेत का एवढेच विचारणाऱ्या, प्रश्नात दोन उभ्या रेघांमध्ये कोंडलेला क्ष दिसला, की आपण विचार करण्याची तसदी मुळीच घेऊ नये. या रेघा म्हणजे केवलमूल्य, संख्येचे चिन्ह सोडून उरलेली किंमत; ते आले म्हणजे उत्तरे दोन, आणि उत्तरे दोन म्हणजे माहिती अपुरी, हे सूत्र पाठ असताना समीकरण शेवटपर्यंत सोडवणे हा कागदाचा निव्वळ अपव्यय आहे.

समजा, क्ष ची किंमत विचारली आहे. पहिले विधान आहे |क्ष − ३| = २क्ष आणि दुसरे आहे क्ष² = १. पहिल्याचे शिस्तीत दोन तुकडे करावेत: क्ष − ३ = २क्ष यावरून −३ मिळतो, ३ − क्ष = २क्ष यावरून १. येथेच हात आखडता घ्यावा. काही संशयी मंडळी −३ ही किंमत मूळ समीकरणात घालून पाहतात. मग त्यांना डावीकडे ६ आणि उजवीकडे −६ दिसतात, आणि केवलमूल्य ऋण कसे असेल, असा नसता प्रश्न पडतो. स्वकष्टाने काढलेल्या उत्तरावर आपण असा अविश्वास दाखवू नये. दुसऱ्या विधानातून १ आणि −१ काढावेत, दोन्हीकडे १ सामाईक आहे हे पाहून धन्य व्हावे आणि ‘दोन्ही विधाने एकत्र घेतल्यास पुरेशी’ या पर्यायावर ठसठशीत खूण करावी. प्रश्न काढणाऱ्याने तो पर्याय खास आपल्यासाठीच मांडून ठेवलेला असतो. पहिले विधान एकटेच १ पर्यंत पोहोचत होते, असे उत्तरतालिका म्हणू लागली, तर ती छपाईची चूक समजावी. (अशा चुका नेमक्या आपल्या चुकलेल्या प्रश्नांतच कशा होतात, हे एक कोडेच आहे.)

‘क्ष धन आहे का?’ या जातीच्या प्रश्नात काम आणखी सोपे असते. |क्ष| = −क्ष असे विधान दिले, तर क्ष शून्य किंवा ऋण असणार, म्हणजे उत्तर ठामपणे ‘नाही’ येणार; आणि उत्तर ‘नाही’ आले, की विधानालाही नापास करावे. ठाम नकारसुद्धा पुरेसा असतो, असे म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. तेच विधान कायम ठेवून ‘क्ष ऋण आहे का?’ असे विचारले, तर मात्र बेधडक ‘पुरेसे’ म्हणावे. शून्य ऋण नसतो, ही क्षुल्लक बाब तेथे आड येऊ देऊ नये. आधी पुरेशा विधानाला अपुरे ठरवले होते, आता अपुऱ्याला पुरेसे ठरवले, फिटंफाट झाली.