शेकरूला सोलापुरात आणू नका

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की राज्यप्राणी शेकरू आता फक्त भीमाशंकरला उरलाय आणि तिथेही संपत आलाय. शेकरू म्हणजे शेवटी मोठी खारच, तेव्हा खार जगते तिथे तोही जगेल. म्हणून काही जोड्या आणून आपल्या सिद्धेश्वर वनविहारात सोडा आणि नान्नजच्या 'ओसाड' माळावर झाडं लावून त्यांना जंगल करून द्या. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

'फक्त भीमाशंकरला' हे चूक आहे. 1985 साली झालेल्या त्या अभयारण्याची ओळखच शेकरू आहे, त्यातून हा समज झाला असावा. पण महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, रायगडातलं फणसाड, वर मेळघाट, सगळीकडे तो आहे. राज्याबाहेर सातपुड्यात आहे, पूर्व घाटात आहे, दक्षिणेत पार केरळपर्यंत आहे. भारताबाहेरच्या जंगलात मात्र कुठेही नाही.

'संपत आलाय' हेही तसं नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो 'किमान चिंता' या गटात आहे. त्याच नोंदीत त्याची संख्या घटत असल्याचंही म्हटलंय, आणि ते मला विसरायचं नाही. घट होते ती जंगलाचे तुकडे पडल्यामुळे.

'मोठी खारच' हा मुद्दा सगळ्यात फसवा. आपल्या अंगणातली खार कडुनिंबावरून उतरते, तुळशीपाशी पडलेले दाणे खाते, कुंपणावरून पळत शेजारच्या झाडावर जाते. शेकरूला हे जमत नाही. दीड-दोन किलोचं हे जनावर जवळजवळ सगळं आयुष्य झाडाच्या शेंड्यात काढतं आणि जमिनीवर क्वचितच येतं. एका झाडावरून दुसऱ्यावर सहा-सहा मीटरची झेप घेतं, लांबलचक झुपकेदार शेपटीने तोल सांभाळतं. त्यासाठी फांदीला फांदी भिडलेली हवी. मध्ये रस्ता रुंद झाला, दहा झाडं तुटली की पलीकडचं जंगल त्याच्यासाठी संपलंच.

पुन्हा एका झाडावर त्याचं भागत नाही. काटक्या आणि पानांची गोल घरटी एकच शेकरू अनेक बांधतो, म्हणून घरटी मोजून तेवढे शेकरू धरता येत नाहीत. फळं, फुलं, बिया, साल, कधी पक्ष्यांची अंडी, असं वर्षभर काही ना काही लागतं. त्यामुळे वेगवेगळ्या हंगामात फळणारी झाडं जवळजवळ हवीत. भीमाशंकरच्या देवरायांमध्ये जांभूळ, हिरडा, अंजन, उंबर असे गर्दी करून उभे आहेत. तिथे मी तासभर मान वर करून उभा होतो. धोका वाटला तेव्हा वरचा शेकरू पळाला नाही, खोडाला पोट चिकटवून निश्चल झाला. मोकळ्या जागेत, भटक्या कुत्र्यांपुढे ही सवय त्याला वाचवणार नाही.

आता आपलं सोलापूर. वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाभूळ, बोर, हिवर, कडुनिंब. वनविहार शहराला फार मोलाचा आहे, पण ते शेकरूचं रान नाही. आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे शेकरूला पकडून नेणं हा गुन्हा आहे. लोकवर्गणी काढून करायची ही गोष्टच नव्हे.

नान्नजच्या मुद्द्यावर मला राग आला, तो लपवत नाही. तो माळ ओसाड नाही. तिथे काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक पक्षी आहेत. आणि ज्याच्यासाठी तिथलं अभयारण्य झालं तो माळढोक पक्षी त्याच लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे शेकरूपेक्षा कितीतरी बिकट अवस्थेत. या माळावर दाट झाडं लावली तर शेकरू येणार नाहीच. माळढोकाची मादी मात्र बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि चारी बाजूंनी लांबवर नजर पोचेल अशीच जागा ती त्यासाठी निवडते.