पराभव असिस्टंटच्या खात्यावर

पोरांना बास्केटबॉल शिकवायची हौस असेल तर जवळच्या शाळेत जा, गळ्यात शिट्टी अडकवा, संध्याकाळी दोन तास घाम गाळा आणि घरी येऊन चहा प्या. पण अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाचा बास्केटबॉल कोच व्हायचं असेल, तर शिट्टीचं नंतर बघू. आधी एक वही आणा आणि तिच्यात दोन रकाने आखा, जय आणि पराजय. पुढची तीस-चाळीस वर्षं तुमचा पगार, तुमची खुर्ची आणि नशिबात असलाच तर तुमचा पुतळा या दोन आकड्यांवर ठरणार आहे. मधे पोरं खेळतात, ते चालायचंच.

हा सल्ला देणारा मी कोण? मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहतो, पेशाने हिशेबनीस. इथून एका अंगाला ड्यूक विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, आणि त्या दोघांत अंतर दहाएक मैलांचं. पुण्यात तुम्हाला कुठली पेठ विचारतात, तसं इथे नव्या माणसाला विचारतात, गडद निळा (म्हणजे ड्यूक) की फिकट निळा (म्हणजे चॅपल हिल)? मी पहिल्याच आठवड्यात ‘दोन्ही छान’ म्हणालो आणि दोन्ही घरांतून उठलो. तेव्हापासून मार्च महिन्यात, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवसांत, मला कुणी जेवायला बोलवत नाही. त्या मोकळ्या संध्याकाळी मी कोच मंडळींच्या वह्या तपासत बसतो. बास्केटबॉल मला फारसा कळत नाही, जमाखर्च कळतो. इथे तेवढं पुरतं.

तर पहिलं काम म्हणजे एक गरीब असिस्टंट नेमा.

ड्यूकचे जुने कोच माइक शशेफ्स्की, हे नाव ऐकलं असेल. आडनावाचं स्पेलिंग के-पासून सुरू होतं आणि उच्चार श-पासून, म्हणून सगळा देश त्यांना ‘कोच के’ म्हणतो. २०२२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या वहीत १,२०२ विजय आणि ३६८ पराभव होते. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये इतके विजय त्याआधी कुणाच्या नावावर नव्हते. त्या वहीचं १९९४–९५ चं पान उघडा. ड्यूकने त्या हंगामात १३ सामने जिंकले आणि १८ हरले. मात्र कोच के यांच्या नावापुढे लिहिलंय ९–३.

मग उरलेले सामने गेले कुठे? तर कोच के यांचं पाठीचं ऑपरेशन झालेलं, दुखणं वाढलं, आणि बाराव्या सामन्यानंतर त्यांनी हंगामापुरती रजा घेतली. संघ पीट गॉडेट नावाच्या असिस्टंटच्या हाती आला. पुढच्या १९ सामन्यांपैकी ४ जिंकले, १५ हरले. हे ४–१५ अधिकृतपणे गॉडेट यांच्या नावावर जमा आहे. जमा कसलं, नावेच म्हणा. दुखणं खरं होतं, त्यावर मी बोट ठेवत नाही. मी फक्त पान दाखवतोय.

आता त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत बघा. त्या काळी अमेरिकेच्या कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था, एनसीएए, हिने खर्च आवरायला एक नियम केला होता. प्रत्येक संघात एक असिस्टंट ‘मर्यादित कमाईचा’ असेल, आणि त्याला वर्षाला १२ हजार डॉलर व उन्हाळी शिबिरांचे ४ हजार, असे १६ हजारांच्या वर एक छदाम द्यायचा नाही. गॉडेट हे ड्यूकचे मर्यादित कमाईचे असिस्टंट होते. म्हणजे कमाईला मर्यादा होती, पराभवांना नव्हती. (या असिस्टंट मंडळींनी पुढे एनसीएएला कोर्टात खेचलं आणि १९९९ साली ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. तुमच्या असिस्टंटला हे सांगू नका.)

यातली बारीक मेख अशी की रजा किती दिवसांची घ्यायची हे नीट ठरवावं लागतं. जानेवारी २०१७ मध्ये कोच के यांची पाठ पुन्हा दुखली, पुन्हा ऑपरेशन झालं. या वेळी रजा सात सामन्यांचीच. जेफ केपल या असिस्टंटने त्यांतले चार जिंकले, तीन हरले. रजा तात्पुरती होती, सबब हे सातही सामने कोच के यांच्याच वहीत. ४–१५ असिस्टंटचे, ४–३ साहेबांचे. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, पण अशा ताळेबंदावर मी आनंदाने सही केली असती.

दुसरं, पाहुणे पारखून बोलवा. नोव्हेंबर महिना हा कोचचा दिवाळसण. लहानशा कॉलेजला फोन करायचा, तुमच्या पोरांना आमच्याकडे खेळायला पाठवा, ८०-९० हजार डॉलर देतो. ते कॉलेज बिचारं खूश होतं, कारण त्या पैशात त्यांचा बसखर्च, बूट आणि बरंच काही निघतं. पोरं येतात, तीस गुणांनी हरतात, चेक घेऊन जातात. तुमच्या वहीत एक जय. इकडे अशा पाहुण्याला ‘कपकेक’ म्हणतात. असे सहा-सात कपकेक खाऊन डिसेंबर गाठला की पेपरात छापून येतं, ‘दमदार सुरुवात’. लग्नात आहेराचं पाकीट स्वतःच भरून आणायचं आणि मग सगळ्यांसमोर मोजायचं, तशातला प्रकार.

कधीतरी केक उलटा चावतो, तेवढी तयारी ठेवा. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या केंटकी विद्यापीठाने इव्हान्सव्हिलला ९० हजार देऊन आपल्या रप अरेनात बोलावलं. कोच जॉन कॅलिपरी, पोरं सगळी उद्याची एनबीएवाली, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये जाणारी. पाहुण्यांचा कोच वॉल्टर मॅकार्टी हा केंटकीचाच जुना खेळाडू, १९९६ च्या विजेत्या संघातला. सामना ६७–६४ असा इव्हान्सव्हिलने जिंकला. घरात घुसून ताटातलं खाल्लं, वर दक्षिणाही घेतली. गंमत पुढे आहे. त्याच इव्हान्सव्हिलने त्या हंगामात आपल्या गटातले अठराच्या अठरा सामने हरले.

तिसरं थोडक्यात सांगतो. हरायचंच असेल तर थोरामोठ्यांच्या दारात हरा. २०१८ पासून मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेचे संघ निवडणाऱ्या समितीसमोर ‘नेट’ नावाची क्रमवारी असते आणि त्यात प्रत्येक निकाल चार प्रतींत विभागतात. पहिल्या ७५ मधल्या संघाशी त्याच्या घरी जाऊन हरलात तर तो पहिल्या प्रतीचा पराभव. तज्ज्ञ टीव्हीवर गंभीर चेहऱ्याने त्याला ‘चांगला पराभव’ म्हणतात. निवडणुकीनंतर ‘नैतिक विजय आमचाच’ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको.

आता जरा अवघड प्रकरण, म्हणजे झालेले विजय रद्द होण्याचं. खेळाडूच्या परीक्षेत गडबड निघाली, कुणी पैसे दिले, कुणी निबंध लिहून दिला, की एनसीएए काही वर्षांनी येते आणि विजय खोडते. घाबरू नका, फक्त खोडते. समोरच्याचा पराभव मात्र तसाच राहतो. नीट वाचा. एका संघाने सामना गमावला, पण तो कुणीच जिंकला नाही. दुहेरी नोंद पद्धतीचा शोध लागल्यापासून एवढा धीट जमाखर्च मी तरी पाहिलेला नाही.

८ एप्रिल २०१३. अटलांटातलं जॉर्जिया डोम, ७४ हजारांवर माणसं, राष्ट्रीय अंतिम सामना. रिक पिटीनो यांच्या लुईव्हिलने मिशिगनला ८२–७६ ने हरवलं. २०१८ मध्ये ते विजेतेपद रद्द झालं, अरेनाच्या छताला टांगलेला विजेतेपदाचा बॅनर उतरवला, पिटीनो यांच्या वहीतले १२३ विजय गेले. मिशिगनला विजेतेपद दिलं का? छे. त्या वर्षीचा विजेता कोण, या प्रश्नाचं अधिकृत उत्तर रिकामी जागा असं आहे. मिशिगनला यावर फार आवाजही करता येत नाही, कारण १९९२ आणि १९९३ च्या अंतिम फेऱ्यांचे त्यांचे स्वतःचे बॅनर असेच उतरवलेले आहेत.

सिरॅक्यूजचे जिम बेहाइम ४७ हंगाम एकाच खुर्चीत बसले. २०१५ मध्ये त्यांचे शंभरावर विजय खोडले गेले, आणि सर्वाधिक विजयांच्या यादीत ते रातोरात दुसऱ्यावरून सहाव्यावर आले. निवृत्त होताना अधिकृत आकडा १,०१५, प्रत्यक्ष मैदानावर जिंकलेले १,११६. शाळेत बेरीज शिकताना हातचा एक धरायचो, बेहाइम यांचा हातचा एकशे एक आहे. तुम्हीही असाच धरा. कुणी विचारलं तर मोठा आकडा सांगायचा, आणि त्याने भुवया उंचावल्या तर ‘अधिकृत’ शब्दावर मंद हसायचं.

फक्त हातच्याचा जाहीर सत्कार करू नका. फेब्रुवारी २०११ मध्ये केंटकीने फ्लोरिडाला हरवलं आणि कॅलिपरी यांच्या हाती पाचशेव्या विजयाचा चेंडू दिला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. एनसीएएच्या वहीत मात्र पाचशे नव्हतेच. कॅलिपरी मॅसॅच्युसेट्सला असतानाचे १९९६ च्या स्पर्धेतले चार विजय आणि मेम्फिसच्या २००७–०८ हंगामाचे अडतीस, असे बेचाळीस आधीच खोडलेले. पत्र आलं, पत्राला उत्तर गेलं, आणि जूनमध्ये केंटकीला लेखी माफी मागावी लागली. एका चेंडूपायी चार महिने पत्रव्यवहार! आपल्याकडच्या सरकारी कचेरीलाही हेवा वाटावा.

एवढं सगळं करूनही पराजयाचा रकाना फुगत गेला तर? तर वरिष्ठ जुन्या काळातला निवडा. कोच के यांचे ड्यूकमधले पहिले तीन हंगाम मिळून ३८ विजय आणि ४७ पराभव होते. तिसऱ्या वर्षीचा शेवट तर व्हर्जिनियाकडून १०९–६६ असा. त्यांना काढा म्हणून देणगीदार ओरडत होते, पण क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी जानेवारी १९८४ मध्ये उलट करार वाढवून दिला. कोच जॉन वूडन १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आले आणि त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद उजाडलं १९६४ ला, मग पुढच्या अकरा वर्षांत आणखी नऊ. आज सोळा वर्षं कोण थांबतो? आज संचालक पत्रकारांना सांगतो, ‘कोचला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.’ मुख्यमंत्र्यांना श्रेष्ठींचा पूर्ण पाठिंबा आहे असं ऐकलं की आपण जे समजतो, तेच समजायचं आणि सामान बांधायला घ्यायचं.

बांधताना करार मात्र हाताशी ठेवा, कारण खरी कमाई त्यात आहे. लुईव्हिलचे केनी पेन यांचे दोन हंगाम बघा, ४–२८ आणि ८–२४. एकूण बारा विजय, बावन्न पराभव. मार्च २०२४ मध्ये नारळ मिळाला आणि नारळाबरोबर कराराप्रमाणे सुमारे ८० लाख डॉलर. हिशेबनिसाला राहवत नाही म्हणून भागाकार केला, तर एका विजयामागे साडेसहा लाखांहून जास्त पडले. १,२०२ विजयांच्या मालकाला या दराने काय मिळालं असतं ते काढायला बसलो आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

आता वही उघडा. जय आणि पराजय हे दोन रकाने तर आखलेत. त्यांच्या डावीकडे अजून एक अरुंद रकाना आखा आणि वर लिहा, ‘असिस्टंटचं नाव’. पेन्सिलने लिहा. पाठ दुखायला लागली की शाईने गिरवायचं.