एका तासाची कॅसेट

"त्यात काय, केबल लावायची आणि कॉपी मारायची!" असं ज्या घरात कोणी म्हणतं, त्या घरातल्या एकाचा तरी रविवार कामातून गेला असं खुशाल समजावं. आमच्याकडे हे वाक्य वहिनीच्या तोंडून निघालं. पुतण्याचं लग्न ठरलंय आणि संगीताच्या कार्यक्रमात पडद्यावर त्याच्या मुंजीची दृश्यं दाखवायची टूम निघालीय. मुंज 2005 सालची. शूटिंग दादाच्या हौशी कॅमकॉर्डरवरचं, म्हणजे मिनीडीव्ही नावाच्या चिमुकल्या डिजिटल कॅसेटवरचं. आणि घरात वायर असलेली कुठलीही वस्तू अडली की ती माझ्या पुढ्यात येते, कारण मी एकदा प्रिंटर दुरुस्त केला होता. (त्यात कागद अडकला होता, पण असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात.)

या कॅमेऱ्याला यूएसबीची जागा आहे, हीच खरी फसवणूक. केबल लावली, कॉम्प्युटरने ओळखल्याचा टुणकन आवाज केला, फोल्डर उघडलं. आत फोटो. एकात दादाचा अंगठा, एकात कार्यालयाचा पंखा, मग परत अंगठा. मुंजीचा पत्ता नाही. त्या काळच्या बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबी असायची ती मेमरी कार्डावरच्या फोटोंपुरती. कॅसेटवरचा अस्सल व्हिडिओ बाहेर यायचा तो शेजारच्या रबरी झाकणाखालच्या, चार पिनांच्या चिमुकल्या खोबणीतून. पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं दुसरं, असं आपल्याकडच्या पोरांचं असतं तसंच त्या खोबणीचंही आहे: ॲपलवाले तिला फायरवायर म्हणतात, सोनीवाले आयलिंक, आणि कागदोपत्री ती आयईईई 1394.

ही तिन्ही नावं पाठ करून मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. पहिल्या दोन-तीन दुकानांतल्या पोरांनी मला एचडीएमआय केबल दाखवली आणि मी नको म्हटल्यावर माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. शेवटी एका बोळवजा दुकानात मागच्या स्टुलावर बसलेल्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "चार-सहा का चार-चार?" जाणकार माणूस भेटला की उर कसा भरून येतो! कॅमेऱ्याकडे चार पिना, कॉम्प्युटरमध्ये बसवायच्या फायरवायर कार्डाकडे सहा. त्यांनी खालच्या खणातून धुळीने राखाडी झालेली पिशवी काढली, पँटला पुसली, सोबत एक कार्डही दिलं आणि वर बजावलं, "जोडताना दोन्ही बंद ठेवा. चालू असताना खुपसलंत आणि पोर्ट उडालं, तर माझ्याकडे येऊ नका."

कार्ड बसवलं. कॉम्प्युटरला कार्ड दिसलं, कॅमेरा दिसेना. विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टने फायरवायरचा जुना ड्रायव्हर (म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून टाकला आहे. तो वेगळा उतरवून घ्यायचा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नवा ड्रायव्हर बाजूला सारून ज्याच्या नावापुढे कंसात 'लेगसी' लिहिलंय तो हाताने निवडायचा. लेगसी म्हणजे वारसा. आमच्याकडे वारशाचं काही म्हटलं की दादाचे कान टवकारतात, तसे टवकारले.

एवढं करूनही पडदा काळाच. मग आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अरे, तो कॅमेरा शूटिंगवर आहे का बघायच्यावर?" कॅमेऱ्याचं चक्र 'कॅमेरा' वरून 'व्हीसीआर' वर फिरवलं आणि मुंज सुरू झाली. आईला आयईईई 1394 कशाशी खातात ते ठाऊक नाही. तिला तशी गरजही पडलेली नाही.

आता खरी गंमत. वहिनी म्हणाली, "झालं? मग घे कॉपी करून." पण मिनीडीव्हीत माहिती सगळी डिजिटल असली तरी ती फितीवर असते, आणि फीत तिच्याच चालीने फिरते. एका तासाची कॅसेट उतरवायला एक तास लागतो. कॉम्प्युटर लाखाचा असला तरी तासाचा अर्धा तास होत नाही. त्या तासाची फाइल होते साधारण 13 जीबी. मी ती दादाच्या जुन्या हार्ड डिस्कवर घेत होतो, आणि ती डिस्क होती एफएटी32 पद्धतीची, जिच्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. जेमतेम वीस मिनिटं झाली आणि मातृभोजनाचा पहिला घास तोंडाशी आला असताना सगळं ठप्प. डिस्क रिकामी करा, मोठ्या फाइली मावणाऱ्या एनटीएफएस पद्धतीची करून घ्या, फीत मागे गुंडाळा, पुन्हा श्रीगणेशा.

तोवर घरातले सगळे खुर्च्या ओढून बसलेले. फीत चालू आहे म्हटल्यावर उठणार कोण? आणि इथे लक्षात आलं की कॅमेऱ्याला डोळा एकच असला तरी कान चारी दिशांना असतात. चित्रात बटू भिक्षा मागतोय, "ॐ भवति भिक्षां देहि" लांबून ऐकू येतंय, आणि अगदी माइकला चिकटून आमच्या काकू कोणाला तरी सांगतायत, "जिलेबी काल रात्रीची आहे. आणि वहिनीकडच्यांनी दिलेली साडी बघितलीस? सुती म्हणायची ती!" त्या काळचा डिजिटल आवाज. शब्द न शब्द लख्ख.

खोलीत शांतता. वहिनी म्हणाली, "जरा मागे घे."

मागे घेतलं. तिने पुन्हा ऐकलं, मग आपल्या आईला फोन लावला. दादा म्हणाला आवाज काढून टाक आणि सनई घाल. वहिनी म्हणाली, आवाज राहू दे, चित्र काढलंस तरी चालेल.

बातमी काकूंपर्यंत कशी गेली देव जाणे. संध्याकाळी त्यांचा फोन आला. डब्यात अजून साखरपुड्याची आणि बारशाची कॅसेट आहे. त्या समारंभांना आपण कुठे बसलो होतो ते काकूंना आठवत नाहीये, आणि कॅमेरा नेमका कोणत्या खांबापाशी होता हे त्या मला पुन्हा पुन्हा विचारतायत.