अडीच लाखांशिवायही सोलापूर-गोवा उडवता येतं

९ जून २०२५ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. तेव्हापासून सोलापुरात घरच्या पीसीवर विमान उडवणारी पोरं वाढलेली दिसतात. ज्या विमानतळासाठी जून २०२३मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, तिथे आता एटीआर ७२ उतरते. हाच मार्ग सिम्युलेटरवर उडवून बघावा असं पोरांना वाटणं साहजिक आहे. पण त्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय, आणि तो वाचून घरोघरी चुकीचे खर्च ठरू लागलेत.

मेसेज थोडक्यात असा: "मायक्रोसॉफ्टचा २०२४चा फ्लाइट सिम्युलेटर घ्यायचा तर जुना पीसी भंगारात काढा. बाजारातलं सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड आणि ६४ जीबी रॅम लागतेच. सगळं क्लाउडवरून येतं, त्यामुळे डिस्क कसलीही चालेल. योक (विमान वळवायचं हँडल) आणि पायाने दाबायची पॅडल नसतील तर ते नुसतं खेळणं. अडीच लाखांच्या आत हे जमत नाही, पण घरी केलेले तास पायलट लायसन्सला धरतात, म्हणजे पैसे वसूल."

माझ्या ओळखीतल्या एका यंत्रमाग कामगाराने हे वाचून पोरासाठी भिशी उचलायची तयारी केली होती. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलणं भाग आहे.

पहिला मुद्दा ग्राफिक्स कार्डाचा. सिम्युलेटर हा इतर गेमसारखा नसतो. प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्रामागे, विमानावरच्या बलांचं गणित, कॉकपिटमधले डिस्प्ले, आजूबाजूची विमानं, जमिनीचा तपशील हे सगळं चाललेलं असतं आणि त्यातलं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर, मेन थ्रेडवर, येऊन साचतं. तो थ्रेड अडला की कार्ड कितीही मोठं असो, ते रिकामं बसून वाट बघतं. हे ओळखायला एक रुपयाही लागत नाही. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू करा आणि एफपीएस काउंटर (सेकंदाला किती फ्रेम पडतात तो आकडा) दाखवायला सांगा. तो स्वच्छ लिहून देतो: 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' की 'लिमिटेड बाय जीपीयू'. त्यावरही विश्वास नसेल तर रेंडर स्केल (कार्डाने चित्र किती बारकाईने काढायचं ते) १००वरून ५०वर आणा. चित्र धूसर होईल. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या तर कार्डाचा काही दोष नाही.

वर सांगितलेल्या घरी जाऊन मी हेच केलं. पोराकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणि १६ जीबी रॅम. "मुंबईला उतरताना लई अडकतंय काका, सोलापूरला नाही," हे त्याने आधीच सांगितलं होतं, आणि खरं निदान त्या वाक्यातच होतं. मुंबईला इमारती दाट, विमानं भरपूर, म्हणजे ओझं मेन थ्रेडवर. रेंडर स्केल अर्ध्यावर आणला तरी आकडा हलेना. मग टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील किती दूरपर्यंत दाखवायचा ते) खाली आणली, इतर विमानांची गर्दी कमी केली, ग्लास कॉकपिटचा, म्हणजे कॉकपिटमधल्या डिस्प्लेंचा, रिफ्रेश रेट मध्यमवर ठेवला आणि फ्रेम ३०वर बांधून टाकल्या. एटीआर किंवा एअरबस उडवायला स्थिर ३० पुरतात. ४५ आणि २०च्या मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमचाच त्रास जास्त होतो.

त्याउपर पैसे घालायचेच असतील तर ते प्रोसेसरवर घाला. २०१७पासूनचे बहुतेक एएम४ बोर्ड (रायझन प्रोसेसर बसणारे मदरबोर्ड) बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर रायझन ७ ५८००एक्स३डी घेतात. या प्रोसेसरची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी) ९६ एमबी आहे, साध्या ५८००एक्सची ३२. सिम्युलेटरला या कॅशचा जेवढा फायदा होतो तेवढा फार थोड्या गेमना होतो. तो मिळाला नाही तरी ५६०० किंवा ५७००एक्स टाकून तोच बोर्ड, तीच रॅम, तोच कॅबिनेट वापरता येतो. मोठ्या कार्डाची खरी गरज ४के स्क्रीन आणि व्हीआर हेडसेट असणाऱ्यांना आहे, आणि त्यांना मी अडवणार नाही. ६-८ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर अल्ट्रावर ठेवलं तर झटके बसतात हेही खरं, पण त्यावर इलाज म्हणजे टेक्स्चर एक पायरी खाली.

६४ जीबी रॅम 'लागतेच' हे तर कंपनीही म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४च्या आवृत्तीसाठी किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ असे तीन आकडे दिलेत. मेसेजवाल्याने तिसरा उचलून पहिल्याच्या जागी ठेवला. रॅम विकत घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा. असेंबल करून आणलेल्या कितीतरी पीसींमध्ये ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वर धावत असते, कारण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) कोणी चालूच केलेलं नसतं. त्या पोराचंही तसंच होतं. शिवाय एकच १६ची स्टिक असण्यापेक्षा ८-८च्या दोन बऱ्या.

क्लाउडचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०२०च्या आवृत्तीला १५० जीबी जागा लागायची, २०२४ला ५०, कारण विमानं आणि विमानतळसुद्धा लागतील तसे सर्व्हरवरून येतात. १९ नोव्हेंबर २०२४ला तो बाजारात आला तेव्हा हेच सर्व्हर गर्दीने कोलमडले आणि पैसे भरलेले लोक लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसले. पण आलेला डेटा तुमच्याच डिस्कवरच्या तात्पुरत्या साठ्यात (कॅशमध्ये) जमा होतो, म्हणून एसएसडी हवीच. जुन्या हार्ड डिस्कवर हे चालवणं म्हणजे छळ आहे. नेटची शिफारस ५० एमबीपीएसची. त्या वेगाने डेटा ओढला तर मोबाइलचा २ जीबीचा रोजचा पॅक साडेपाच मिनिटांच्या आत संपेल, तेव्हा हॉटस्पॉटवर हा सिम्युलेटर चालवायचा विचारही करू नका. घरी फायबर नसेल तर एक्स-प्लेन १२ हा दुसरा सिम्युलेटर घ्या. त्याचा भूभाग एकदा डाउनलोड केला की नेट नसलं तरी चालतं. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर तर पूर्ण मोफत आहे. आणि २०२०ची आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती टाकून द्यायचं काहीच कारण नाही.

मेसेजमध्ये जे लिहिलेलंच नाही ते सोलापूरकरांसाठी जास्त महत्त्वाचं आहे: ऊन, वीज आणि तूस. आरटीएक्स ५०९० हे कार्ड एकटं ५७५ वॉट खातं, ४०६० फक्त ११५. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना बंद खोलीत मोठं कार्ड लावणं म्हणजे खोलीत हीटर लावून बसणं. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार घेतो, म्हणजे वीज गेली की असल्या मोठ्या कार्डाचा पीसी सावरायला वेळ न देता बंद. यंत्रमागाच्या वस्तीत सुताची बारीक तूस हवेत असते, ती हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन नमद्यासारखी बसते. त्या घरी आम्ही कॅबिनेटची बाजू उघडली तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली करड्या तुसाचा अख्खा थर निघाला. ब्रशने साफ केला, थर्मल पेस्ट बदलली, आणि प्रोसेसरचं तापून वेग कमी करणं थांबलं. सेटिंग, एक्सएमपी आणि ही सफाई एवढ्यावर त्याचं मुंबईला उतरतानाचं अडकणं सुटलं. पेस्टची ट्यूब सोडली तर खर्च शून्य.

जुना पीसी भंगारात काढायचं एकच बरं कारण मला दिसतं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर बोर्डासकट बदलणं शहाणपणाचं. आठव्या किंवा पुढच्या पिढीचा असेल तर टीपीएम बहुधा बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं, चालू करा.

योकबद्दल फार बोलायची गरज नाही. आजच्या एअरबसला योक नसतोच, साइडस्टिक (बाजूला बसवलेली जॉयस्टिक) असते. मूठ फिरवली की रडर (शेपटीचं सुकाणू) चालतो अशी साधी जॉयस्टिक काही हजारांत येते आणि शिकायला पुरते.

आता लायसन्स. घरच्या सिम्युलेटरवरचा एक तासही डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) धरत नाही. व्यावसायिक लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि सिम्युलेटरचे जे थोडे तास त्यात चालतात तेही डीजीसीएने मान्यता दिलेल्या यंत्रावरचेच. घरी चेकलिस्टची शिस्त लागते, रेडिओवरची भाषा कानावर बसते, व्हीओआरची, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणारी, सुई वाचता येते. हे सगळं मोलाचं आहे आणि ते ३० फ्रेमवरही तितकंच शिकता येतं. पण 'पैसे वसूल' या दोन शब्दांवर एखादा बाप कर्ज काढतो, म्हणून ते वाक्य खोडून टाकल्याशिवाय हा मेसेज पुढे पाठवू नका. पोराला खरंच पायलट व्हायचं असेल तर पहिला खर्च डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकलचा करा. नजर, रंग ओळखणं, कान हे तिथे तपासतात, आणि त्यात काही अडचण असेल तर ती पीसी घेण्याआधी कळलेली बरी.