एक वर्ग, तीन नौदलं : ‘ही तर मिसळ!’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘दक्षिणावर्त’ या युद्धनौकांच्या वर्गावरच्या माझ्या काल्पनिक लेखमालेवर तुम्ही चांगलीच झणझणीत प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मालिकेत तीन मित्रदेश एकाच आराखड्यावरून मार्गदर्शित क्षेपणास्त्र विनाशिका बांधतात. पण एकाचं रडार वेगळं, दुसऱ्याचा सोनार (आवाजावरून पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र) वेगळा, तिसऱ्याने तर हेलिकॉप्टरचा हँगरच वाढवून घेतलाय. त्यावर काका म्हणतात, "याला वर्ग म्हणत नाहीत, मिसळ म्हणतात. कल्पनेतलीच जहाजं, तर सगळी एकसारखी करायला पैसे पडतात का? सुटे भाग एक, ट्रेनिंग एक, भरवसा एक. आणि गंगेवर बसून समुद्राच्या गप्पा मारू नयेत."

शेवटचा टोला आधी घेतो. आपल्या गंगेचंच, म्हणजे नाशिकच्या गोदावरीचंच, नाव घेऊन ‘आयएनएस गोदावरी’ १९८३ साली माझगाव डॉकमधून नौदलात आली आणि २०१५ पर्यंत राबली. ब्रिटिश लिअँडर फ्रिगेटच्या आराखड्यातून वाढवलेलं जहाज, त्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रं आणि ब्रिटिश सी किंग हेलिकॉप्टरं. तुमच्या हिशेबाने तीही मिसळच. नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान जुळतं, त्यातही रशियन सांगाड्यात फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय इलेक्ट्रॉनिक्स आहे. मलेशियाने त्याच घराण्यातलं एमकेएम घेतलं, अल्जीरियाने एमकेए, आणि उपकरणं ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवली. तेव्हा हा विषय नाशिककराला परका नाही, काका.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला हवाय तसा वर्ग खरोखर होऊन गेलाय. अमेरिकेचा ‘चार्ल्स एफ. ॲडम्स’ वर्ग. २३ जहाजं अमेरिकेची, ३ ऑस्ट्रेलियाची, ३ पश्चिम जर्मनीची. ती जवळपास सारखी राहिली याचं कारण साधं आहे : आराखडा एकाचा, गोदीही त्याच्याच देशातली, बाकीच्यांनी पैसे मोजून जहाज नेलं. ऑस्ट्रेलियाची तिन्ही जहाजं मिशिगनमध्ये बे सिटीला बांधली गेली, जर्मनीची मेन राज्यात बाथला. तरीही ऑस्ट्रेलियाने अमेरिकेचं पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्र ॲसरॉक नको म्हणून स्वतःचं ‘इकारा’ बसवून घेतलंच.

सुटे भाग एक, हे खरं. पण तेही यजमानाचं मन लागलंय तोवर. १९९० च्या सुमारास अमेरिकेने आपली जहाजं मोडीत काढायला घेतली, ऑस्ट्रेलियाला मात्र आणखी काही वर्षं काढायची होती. मग त्यांनी ‘गोल्ड्सबरो’ हे अमेरिकेचं निवृत्त जहाज नुसतं सुट्या भागांसाठी विकत घेतलं. आणि भरवशाचं म्हणाल तर ‘होबार्ट’ आठवा. जून १९६८, व्हिएतनामचा किनारा. अमेरिकी घडणीच्या या ऑस्ट्रेलियन विनाशिकेवर अमेरिकेच्याच विमानाने शत्रू समजून क्षेपणास्त्रं डागली, दोन नौसैनिक गेले. जहाज सारखं असलं म्हणून आकाशातून ओळखू येतंच असं नाही.

माझ्या मालिकेतले तिघे बरोबरीचे भागीदार आहेत, यजमान कुणीच नाही. म्हणून मी ॲडम्स नाही, ‘होरायझन’ हा संयुक्त युद्धनौकेचा प्रकल्प समोर ठेवला. ब्रिटन, फ्रान्स आणि इटली एकत्र बसले. फ्रान्सला विमानवाहू जहाजासोबत चालणारी नौका हवी होती. इटलीचा वावर मुख्यतः भूमध्य समुद्रात, डोक्यावर स्वतःच्या हवाई दलाचं छत्र. ब्रिटनचं दुखणं निराळं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘शेफिल्ड’ ही विनाशिका एक्झोसेट क्षेपणास्त्राने गमावलेली, त्यांना दूरवर पसरलेला अख्खा ताफा झाकायचा होता. तिघांची गरज एका रडारमध्ये मावेना. १९९९ मध्ये ब्रिटन बाहेर पडला, त्याने टाइप ४५ विनाशिका बांधली, त्यावर आपलं सॅम्प्सन रडार उंच मास्टवर चढवलं. फ्रान्स-इटलीने एम्पार रडार ठेवलं. पण हवाई हल्ला रोखणारं ॲस्टर क्षेपणास्त्र तिघांकडेही तेच राहिलं! संसार मोडला तरी ते तुटलं नाही, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं तेच होतं.

‘दक्षिणावर्त’ची मांडणी मी यावरूनच केली. जे नंतर बदलता येत नाही ते तिघांचं एक, आणि जे मास्टवर किंवा हँगरमध्ये बोल्ट लावून बसतं ते ज्याचं त्याचं. तुम्ही विचारलंत की मालिकेतल्या बेटांच्या देशाकडे लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र नसताना त्याला डेकखाली उभा बसवलेला एवढा खोल लाँचर कशाला. उत्तर लाँचरच्या खोलीतच आहे. फ्रेंच सिल्व्हर लाँचर घ्या : ए-५० म्हणजे साधारण पाच मीटरचं क्षेपणास्त्र, ए-७० म्हणजे सात मीटरचं. पाच मीटरमध्ये ॲस्टर आरामात बसतं, पण जमिनीवर मारा करणारं लांब क्रूझ क्षेपणास्त्र घ्यायचं तर ए-७० च लागतो. वर डेकवर झाकण उघडून पाहिलं तर फरक दिसणारही नाही. खाली मात्र त्या दोन मीटरमध्ये आणखी एक डेक, केबलींचे जुडगे, कुणाची तरी मेस असते. रडार पंधरा वर्षांनी रिफिटमध्ये (जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीत) बदलतात, भोक खोल करायला कुणी जात नाही. आज रिकामी राहिलेली खोली मला परवडते.

इंजिनाबद्दल मात्र तुम्ही एकाच ओळीत आटोपलंत, याचं आश्चर्य वाटलं. उभी नोकरी इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाने तिथे जास्त बोलायला हवं होतं. आपल्या नौदलाच्या ‘तुशील’ फ्रिगेटचंच पाहा ना : जहाज रशियात बांधलेलं, गॅस टर्बाइन युक्रेनची. २०१४ नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणं बंद केलं, तेव्हा ती भारताने विकत घेऊन रशियन गोदीला पोचवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये जहाज नौदलात आलं. पुरवठादारांचं आपसात फाटलं की वर्ग कितीही एकसारखा असो, गोदीत सांगाडा तसाच उभा.

माझ्या तीन देशांनीही टर्बाइन एकाच कारखान्यातून घेतलीय, आणि तो कारखाना तिघांपैकी कुणाच्याच देशात नाही. पुढच्या भागात इंजिनरूमचा आराखडा टाकतोय. त्यावर हातचं राखून लिहू नका, काका. गिअरबॉक्सच्या बाजूने माणूस वाकून जाईल एवढी जागा मी सोडलीय, ती पुरते का ते आधी बघा.