१ स्टार दिलेल्या ताईंना, गोव्यातल्या पर्वरीच्या दुकानातून

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. आधी सॉरी. ‘गावठी भाजी’ची पाटी त्या दिवशी बाहेरून आलेल्या टोमॅटोच्या क्रेटवर होती हे चुकलंच, आणि काउंटरवरचा मुलगा ‘घ्यायचं तर घ्या’ म्हणाला तेही चुकलं, त्याला समज दिलीय.

पण तो टेम्पोचा फोटो. केए-२२, म्हणजे बेळगावची नंबरप्लेट, सकाळी ७ वाजता, माझ्या अर्ध्या शटरसमोर, आणि खाली तुम्ही लिहिलंय ‘शेतकऱ्याच्या नावावर लुटतात, माल सगळा बेळगावचा’. त्यातला ‘सगळा’ हा शब्द फार लागला. फोटो कधीचा आहे बघा, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. त्या दिवसांत गोव्यात गावठी भाजी असते कुठे? पावसाळी भाजी, म्हणजे काकडी, दोडकी, चिबूड, सात शिरांचा भेंडो, ही चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, भरपूर येते आणि पाऊस सरला की आटते. हिवाळ्याची भाजी शेतातलं भात कापून झाल्यावर लावतात, ती हातात यायला डिसेंबर उजाडतो. मधले दीड-दोन महिने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातसुद्धा गावठीवाल्या बायकांसमोर नारळ, केळी आणि थोडे माडी-सुरणासारखे कंदच दिसतात. तेव्हा टोमॅटो, कोबी, फ्लॉवर घाटावरूनच येणार, अख्ख्या गोव्याला येतो तसा मलाही येतो, मी काय तो रात्री लपवून उतरवून घेतला नाही. बटाटे तर बाराही महिने बाहेरचेच, आणि उन्हाळ्यातला थोडा गावठी कांदा सोडला तर कांदेही. तुम्ही ऑगस्टमध्ये आला असता तर बार्देश-पेडण्यातून स्कूटरवर पिशव्या घेऊन येणारे आमचे शेतकरी लोक दिसले असते, पण त्यांचा फोटो कोण काढतं.

आणि आठवण करून द्यावी की नको कळत नाही, पण चवथीच्या आधी तुम्हीच आमची काकडी वाकडी आहे म्हणून परत ठेवली होती आणि ब्रोकोली का नाही विचारलं होतं. भर पावसाळ्यात ब्रोकोली! गिऱ्हाईक ब्रोकोली मागतं म्हणून टेम्पो येतो ताई, टेम्पो आला म्हणून गिऱ्हाईक मागत नाही.

रेटचं म्हणाल तर फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर स्वस्त मिळते हे खरंय, तिथे सबसिडी आहे, मला कोण देणार? भेंडी मी शेतकऱ्याकडून ८० ने घेतो आणि ११० ला लावतो, त्याचे पैसे शनिवारच्या शनिवार रोख, उधारी नाही. उरली ती संध्याकाळी घरी, आमची मुलं आता भेंडी बघून ताटावरून उठतात. खरं सांगू का, गावठी भाजीवर दुकानाचं भाडं निघत नाही. ते निघतं बदाम, तूप आणि नाचणीच्या बिस्किटांवर, आणि त्यातलं काही गोव्यातलं नाही. तूरडाळ पण नाही, ती इथे पिकतच नाही फारशी. म्हणून ‘सगळं लोकल’ असं मी कधी म्हटलेलं नाही, पाटीवरही नाही. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातला, कोरगुट तांदूळ, काणकोणची खोला मिरची, सोलं (आमसुलं), नारळ, गावठी अंडी, एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो, कुणाकडून घेतो तेही सांगतो, तुम्ही विचारलं असतं तर त्याच दिवशी फोन लावून दिला असता. ऑरगॅनिक पण मी भाजीला म्हणत नाही, आमच्या बहुतेक लोकांकडे सर्टिफिकेट नाही, पाव एकरवाला कुठे कागद करत बसणार. ‘फवारणी करत नाहीत’ म्हणतो, आणि शेतावर जाऊन बघतो म्हणून म्हणतो.

तुमच्या रिव्ह्यूनंतर दोन जणांनी मेसेज करून विचारलं की खरं काय. १ स्टारने आमच्यासारख्या दुकानाचं काय होतं ते मोठ्या मॉलवाल्यांना नाही कळायचं.

बाकी घाटावरचा माल वेगळ्या रॅकवर ठेवायला सुरुवात केलीय, पाट्यांवर गावाचं नाव लिहायचं पण चाललंय, होईल हळूहळू, पेंटर मिळाला की. शनिवारी या, ९ नंतर. ७ ला शटर अर्धंच असतं आणि टेम्पोच दिसतो.